फ्रायबुर्गच्या उन्हात वाळलेल्या बिबड्या

आईवडिलांना परदेशात बोलवायचं ठरवताना लोक त्यांना काय काय दाखवायचं याची यादी करतात. माझ्या यादीत दाखवायचं फार काही नव्हतं, सांगायचं एकच होतं. शिक्षण संपवून मी ऑगस्टमध्ये कायमची घरी परतणार, असं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मला इथेच, जर्मनीत फ्रायबुर्गला, चार वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं. मी हो म्हणून मोकळीही झाले होते. हे फोनवर सांगायची माझी छाती होईना, म्हणून म्हटलं, या तुम्ही. समोरासमोर बसू.

आमचं गाव नरडाण्याजवळ, धुळे जिल्ह्यात. कापूस, ज्वारी, थोडी मिरची. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, आईला माय. आबांनी वर्षभर खपून घराच्या माळ्यावर माझ्यासाठी खोली बांधली होती. पोरगी एवढी शिकून येणार, तिला टेबलखुर्ची मांडायला स्वतःची जागा हवी, हा त्यांचा हिशोब. दर रविवारी फोनवर भिंत किती चढली ते कळायचं. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला फोनवर कसं सांगायचं?

ज्यांना असा बेत करायचा आहे त्यांच्यासाठी कामाचं आधी सांगते. व्हिसासाठी स्वतः जावंच लागतं, आमचे दोघं मुंबईला गेले. शेतकरी आईवडिलांना पगाराची स्लिप नसते म्हणून घाबरू नका. सातबारा इंग्रजीत करून घ्या, बँकेचं स्टेटमेंट जोडा, प्रवासाचा विमा काढा आणि तुमचं निमंत्रणपत्र लावा. आमचं काम पहिल्या फेरीत झालं. सामानात तूप, पेढे, खवा काहीही नको, दुधाचं इकडे विमानतळावर काढून घेतात. मायला हे मी इतक्या वेळा बजावलं की शेवटी ती म्हणाली, "पीठ चालस ना? मग बस."

ते कसलं पीठ, हे विचारायचं मला सुचलं नाही.

धुळ्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई आणि तिथून थेट फ्रँकफर्ट, असे दोघं आले. दारातून बाहेर येताना आबांनी धोतर-टोपीवर माझ्या भावाचं जाड जाकीट घातलेलं आणि माय नव्या स्पोर्ट शूजमध्ये जपून पावलं टाकत होती. मला पाहिल्यावर तिने आधी माझं मनगट चाचपलं.

"कितली वायनी वं पोरी!" म्हणजे किती वाळलीस. प्रत्यक्षात माझं वजन इथल्या पावाने चांगलंच वाढलंय, पण आईसमोर वजनकाट्याचं कोण ऐकतं.

फ्रँकफर्टच्या विमानतळाखालूनच लांबच्या गाड्या सुटतात. फ्रायबुर्गला दोन-सव्वादोन तास लागतात. तिकीट लवकर काढलं तर निम्म्यात पडतं, आयत्या वेळी काढाल तर डोळे पांढरे होतील. मी नेमकी शांततेच्या डब्यातली जागा घेतली होती. पंधरा मिनिटं झाल्यावर आबा माझ्या कानाशी आले.

"आठे गाडीमा कोनी बोलस नही का?"

आठे म्हणजे इथे. या डब्यात मोठ्याने बोलायचं नाही हा नियम समजावल्यावर त्यांना तो फार आवडला आणि मग फ्रायबुर्ग येईपर्यंत ते अखंड बोलत राहिले, फक्त कुजबुजत. बोलणं अर्थातच खोलीचं. खिडकी पूर्वेला ठेवलीय. मोरी आतच. फोनमध्ये फोटो होते, ते एकेक करून दाखवले. मी बाहेरच्या द्राक्षमळ्यांकडे बघत हं हं करत होते.

राहण्याची सोय विद्यार्थी वसतिगृहातच केली. शेजारची मैत्रीण सुट्टीत गावी गेली होती, तिने खोली दिली. कार्यालयाला आधी कळवलं तर पाहुणे काही दिवस ठेवता येतात, न कळवता ठेवू नका. स्वयंपाकघर सामायिक, त्यामुळे मिरचीची फोडणी घालताना खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि सगळा मजला चपला घालून बाहेर येतो. हे मी अनुभवावरून सांगतेय.

पहिले काही दिवस आम्ही नीट पर्यटक होतो. कॅथेड्रलच्या चौकात सकाळचा बाजार भरतो, तो चुकवू नका. आबांनी तिथे पांढऱ्या शतावरीच्या जुड्या बघितल्या आणि भाव ऐकून जुडी इतक्या हळू खाली ठेवली जणू ती काचेची होती. गावभर रस्त्याकडेने पाण्याचे छोटे पाट वाहतात. त्यात पाय पडला तर इथलाच जोडीदार मिळतो असं इथले लोक गमतीने सांगतात. मी ते सांगताच मायने माझा दंड धरून मला रस्त्याच्या मधोमध घेतलं. टिटिझेच्या तळ्यावरही गेलो. एका दिवसाचं गटाचं तिकीट काढलं की तिघांचं मिळून स्वस्त पडतं, गाडी डोंगरातून चढत जाते, आणि तळ्याकाठी बसून खायला आमच्याजवळ दशम्या होत्या. रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगते. रोज सकाळी आबा खोलीतली आणखी एक गोष्ट सांगायचे आणि माझं उद्यावर जायचं.

मग मायने बॅगेच्या तळाचं गाठोडं सोडलं. ज्वारी भिजवून, कांडून, वाळवून दळलेलं पीठ. तीळ, जिरं, पापडखार, लसूण. आणि आबांचं एक जुनं धुवट धोतर.

"आठे बिबड्या करसूत," ती म्हणाली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. पिठाचा घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर हाताने पातळ थापायचा आणि उन्हात वाळवायचा. चैत्र-वैशाखात आमच्याकडे घरोघरी खाटा बाहेर येतात आणि वर्षाची बेगमी होते. मायचं यंदाचं ते काम माझ्यामुळे बुडालं होतं. मला वाटलं, हात स्वस्थ बसत नाहीत तिचे. करू दे.

पहाटेच घाटा शिजवला. मजल्यावरच्या कुणाला जाग आली नाही, भोंगाही गप्प राहिला. वसतिगृहामागे गवताचा मोठा तुकडा आहे, पार्ट्यांसाठी घडीची बाकडी असतात. ती ओळीने लावून वर धोतर आणि माझ्या दोन चादरी अंथरल्या. माय पाण्यात हात बुडवून थापत होती, मी तिच्या मागे गोळे देत होते. इतक्या वर्षांत माझ्या हाताला ते वळण आलेलं नाही, माझी प्रत्येक बिबडी कुठल्या तरी देशाच्या नकाशासारखी व्हायची. मायने त्या सगळ्या एका कडेला घेतल्या. "ह्या तूच खाय," म्हणाली.

आबांना राखणीला बसवलं. गावात हे काम लहान पोरांचं, पण आबांनी कुठून तरी एक काटकी मिळवली आणि खुर्ची टाकून असे बसले की एका कावळ्याची खाली उतरायची हिंमत झाली नाही. दुपारी वसतिगृहाचे व्यवस्थापक आले तेव्हा माझं धाबं दणाणलं. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि मग मला विचारलं, "हा कलाशाखेचा प्रकल्प आहे का?" मी खरं सांगितलं. आबांनी उठून एक अर्धवट वाळलेली बिबडी त्यांच्या हातावर ठेवली. ती खाऊन ते म्हणाले, पाऊस परवा आहे, उद्या संध्याकाळपर्यंत उचला.

दुसऱ्या दिवशी मी आणि माय वाळलेल्या बिबड्या सोडवत होतो. कापडाच्या मागून पाण्याचा हात फिरवला की त्या अलगद सुटतात. ढीग वाढत चालला होता. मी सहज म्हटलं, "माय, ऑगस्टपर्यंत कितल्या खासू मी? ह्या तर लई शेतस." खूप आहेत, म्हणजे.

तिने मान वर केली नाही. "ऑगस्टपर्यंतन्या कोन म्हनस? वर्षभरन्या शेतस ह्या."

माझे हात थांबले. बेगमी जिथे राहायचं त्या घरात करतात. चार दिवसांच्या पाहुण्याकडे कुणी करत नाही.

"तुले कसं माहीत?" मी विचारलं.

"आबा फोनवर खोलीनं सांगेत तव्हय तू पह्यले बठ्ठं ईचारे. रंग कोनता, खिडकी कोठे. मंग तू गप व्हई जाये." तिने आणखी एक बिबडी सोडवून ढिगावर ठेवली. "आबाले तूच सांग. मन्हा तोंडथीन नको."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. ही बाई हे मनात ठेवून अर्धं जग ओलांडून आली होती, आणि येताना भांडण आणलं नव्हतं, पीठ आणलं होतं.

मी ओले हात तसेच घेऊन आबांपाशी गेले. त्यांच्या खुर्चीशेजारी गवतावर बसले. "आबा, मी ऑगस्टमा येत नही. आठेच चार वरीसनं काम भेटनं."

त्यांनी काटकी मांडीवर आडवी ठेवली. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"टाईल्स बसाडी टाक्यात मी," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पांढऱ्या. तुले पांढऱ्या आवडतस म्हनीसन."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. जेवायला बोलावलं तर आले नाहीत, मायने ताट बाहेरच नेऊन दिलं. संध्याकाळी शेवटची चादर उचलेपर्यंत ते तिथेच होते. चादरीची एक बाजू त्यांनी धरली, एक मी.

"चार वरीसमा घर येशी का नही?"

"दरसाल येसू, आबा."

"कोनता महिनामा?"

"आखाजीले," मी म्हटलं. अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकी माहेरी येतात तो सण. त्यांनी मान हलवली आणि चादरीची घडी मारली. जाईपर्यंतच्या दिवसांत खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फोनही खिशातून फारसा काढला नाही. ते मला जास्त लागलं.

निघताना फ्रँकफर्टला माझ्या हातात मायचा हात होता आणि आबा बॅगा मोजत होते. सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरताना ते वळून मोठ्याने म्हणाले, "बिबड्यास्ना डबा घट्ट लाय. हवा लागी जाई!" पुढेमागे उभ्या सगळ्या जर्मनांनी वळून माझ्याकडे बघितलं.

मी एकटी परत आले. गवतावर बाकड्यांचे पाय जिथे टेकले होते तिथे अजून खुणा होत्या. खोलीत कपाटावर पत्र्याचा मोठा डबा, आणि सगळीकडे लसूण-तिळाचा वास. तुम्ही विचाराल, आईवडिलांना बोलवावं का? बोलवा. एखादं कॅथेड्रल राहिलं तरी चालेल, त्यांना तुमच्या घरात त्यांच्या हातचं काहीतरी करू द्या. मला या खोलीला घर म्हणायला जमत नव्हतं. मायने त्यात वर्षाचं वाळवण भरल्यापासून जमतंय.

पण आबांचं काय, हे मला कळत नव्हतं. रविवारचे फोन माय करायची. ते मागून नुसतं "बरं शे" म्हणायचे.

परवा मात्र त्यांचा स्वतःचा व्हिडिओ कॉल आला, तोही भलत्या वारी. मागे पांढऱ्या टाईल्स होत्या. पूर्वेची खिडकी होती. खिडकीखाली त्यांची स्वतःची खाट, उशाला चष्मा आणि पाण्याचा तांब्या.

"आबा, तुम्ही वर झोपतस?" मी विचारलं.

"हां. खाले फोन कटी जास," ते म्हणाले. "तुन्ही खोलीमा रेंज चांगली येस."

मी डबा उघडला आणि नकाशासारखी एक बिबडी तोंडात घातली. तिचा कुरकुर आवाज फोनमधून पार नरडाण्याला पोचला असावा, कारण त्या दिवसानंतर आबा पहिल्यांदा हसले.

"कितल्या उरन्यात?" त्यांनी विचारलं.

"आखाजीपर्यंत पुरतीन, आबा."