बेबीताईंनी सासूसमोर विचारलेला प्रश्न

अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात बेबीताई सतरा वर्षं आशाताईचं काम करतात. गावातली निम्मी पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत जन्मली. तोंड असं फटकळ, की लसीकरणाच्या दिवशी सरपंचही नातवाला कडेवर घेऊन मुकाट्याने रांगेत उभे राहतात. अशा बाईच्या हातून एक चूक झाली. पण त्या चुकीमुळेच माझ्या मनातला त्यांचा मान दुप्पट झाला.

झालं असं. दिवाळीनंतर त्या फुलमळेवाल्या दुर्गाबाईंच्या घरी गेल्या. दुर्गाबाईंची सून प्रणाली हिला दोन वर्षांची लेक. दुसरं मूल इतक्यात नको होतं. फिटचं औषध चालू असलेल्या बाईला पाळणा लांबवायच्या गोळ्या अशाच द्यायच्या नसतात, हे बेबीताईंना प्रशिक्षणात शिकवलेलं. म्हणून त्यांनी रीतसर विचारलं, "दुसरी कोणती गोळी चालू हाय का वं तुही?"

दुर्गाबाई शेजारीच शेवंती निवडत बसल्या होत्या. प्रणाली म्हणाली, "नाई." बेबीताईंनी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातावर ठेवलं.

दोन महिन्यांनी प्रणालीला मळ्यात विहिरीच्या काठाशीच फिट आली. नवऱ्याने, विपुलने, वेळेवर धरलं म्हणून वाचली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग सगळं बाहेर आलं. तिला शाळेत असल्यापासून फिट येत होत्या. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळीने लग्नाआधीच्या चार वर्षांत एकही आली नव्हती, म्हणून सोयरीक जमवताना माहेरच्यांनी चकार शब्द काढला नव्हता. दुर्गाबाईंचं डोकं सणकलं.

"फसवलं आमाले," त्या विपुलला म्हणाल्या. "इले माहेरी ठेवून ये. पोट्टी इथंच राहीन."

प्रणाली शपथेवर सांगत होती, एकही गोळी चुकवली नाही. मग आत्ताच फिट काहून याव्यात? बेबीताईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी दोन्ही गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकली आणि प्रणालीला घेऊन अकोल्याची एसटी धरली.

डॉक्टरांनी पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि लगेच उलगडा झाला. पाळणा लांबवायच्या गोळीतलं संप्रेरक प्रणालीच्या फिटच्या औषधाला शरीरातून भराभर बाहेर काढत होतं. फिटची गोळी ती रोज खायची, पण रक्तात औषधाचा जोर निम्माच उरायचा. डॉक्टरांनी पाळणा लांबवायची गोळी बंद करून तांबी बसवायचा सल्ला दिला.

गोळ्यांचंच काहीतरी बिनसलं, एवढं सांगून बेबीताईंना अंग काढून घेता आलं असतं. कोणी जाबही विचारला नसता. पण एसटीतून उतरल्या त्या तडक दुर्गाबाईंच्या अंगणात गेल्या. शेजारच्या चार बाया हार गुंफत होत्या, त्यांच्यादेखत बोलल्या.

"दुर्गाबाई, फिट उलटून आल्या त्या मी देल्ल्या गोळीनं. चूक माही हाय."

"पण तिनं लपवलं ना!"

"हाव, लपवलं. पण मी तिले इचारलं कुठं? तुमच्यासमोर! सासूसमोर कोणती सून सांगन का मले फिट येते म्हणून? सतरा वर्षं झाले हे काम करून राहिली मी, अन् मले एवढी अक्कल नाई आली. तक्रार कराची तं माही करा. पोरीले तिच्या लेकरापासून तोडू नका."

अंगणातल्या बायांचे हात थांबले. दुर्गाबाईंनी समोरची फुलं बाजूला सारली.

"एवढी भेवाची हाव का वं मी?" त्यांनी विचारलं.

"हाव," बेबीताई म्हणाल्या.

दुर्गाबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे न पाहताच म्हणाल्या, "प्रणाले, विहिरीवर एकटी जाऊ नको. अन् गोळी घेतानी मले आवाज देत जा. पाणी मी देईन."