दौंडच्या चिखलात मामांचं फावडं

अकरा वर्षं सुहास दौंडला फुटबॉल खेळतोय आणि अकरा वर्षांत त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मामांनी, त्याचा एकही सामना पाहिलेला नव्हता. सुहास रेल्वेत नोकरीला आणि कॉलनीतल्या संघाचा गोलकीपर. पुढच्या आठवड्यात त्याची भुसावळला बदली होती. शेवटची मॅच आहे, आबांना काहीही करून घेऊन ये, असा त्याचा फोन आला. मामांनी उसापलीकडे कशात जीव गुंतवलेला मी कधी पाहिला नव्हता, तरी मी लगेच सॅक भरली.

रविवारी सकाळी पुण्याहून शिरूरची एसटी पकडली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यात खिडकी मिळालेली, आणखी काय हवं? दोन दिवसांची झड नुकती थांबली होती आणि शेतं अजून अर्धवट झोपेत असल्यासारखी दिसत होती. शिरूर स्टँडबाहेर मिसळ जरूर खा, पण जादा तर्री मागताना विचार करा. माझे डोळे पुढच्या एसटीत न्हावऱ्यापर्यंत पाणावलेले होते.

न्हावऱ्याच्या फाट्यावर मामा मोटारसायकल घेऊन उभे होते. गाडीला आडवं फावडं बांधलेलं. कांद्यात पाणी साचलंय, परतताना काढून द्यायचंय, म्हणाले. सुहासबद्दल अवाक्षर नाही.

या रस्त्याने जायचं असेल तर घाई करू नका. खड्डे आहेतच, पण दोन्ही बाजूंना ऊस इतका वाढलेला की वर फक्त आभाळाची पट्टी दिसते. भीमेच्या पुलावर मामांनी न सांगता गाडी थांबवली. गढूळ पाणी इतकं सावकाश चाललं होतं की बघता बघता पूलच सरकतोय असं वाटायला लागलं. मला तिथून हलावंसं वाटेना. मामीने दिलेली भाकरी आणि ठेचा आम्ही तिथेच उभ्याने खाल्ला.

दौंडचं मैदान रुळांना लागून आहे. जिल्हा लीगचा खालून दुसरा गट, प्रेक्षक जेमतेम पन्नास. सुहासच्या संघाला गटात टिकायला निदान बरोबरी हवी होती. पण दोन्ही गोलांपुढे तळी साचलेली. रेफरीने चेंडू टाकून पाहिला, तो पाण्यात बसूनच राहिला. अर्ध्या तासात उसळला नाही तर सामना पुढच्या रविवारी, असं त्याने जाहीर केलं. पुढच्या रविवारी सुहास भुसावळला असणार होता.

 सुहास हातमोजे काढून वडिलांकडे बघत राहिला. मामांनी मैदानाचा उतार एकदा डोळ्यांखालून घातला, धोतर खोचलं आणि गाडीचं फावडं सोडलं. सुहासच्या गोलामागून त्यांनी नाल्यापर्यंत अशी सुबक चारी काढली की पाणी शहाण्यासारखं निघून गेलं. मग वर आडोशाची कोरडी माती पसरून पायाने दाबली. समोरचा गोलही बघता का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, ते त्यांचं त्यांनी बघावं. पोरांनी तिकडे बादल्या आणि गोणपाटांनी जमेल तेवढं पाणी उपसलं. चेंडू कसाबसा उसळला आणि शिट्टी वाजली.

नंतरचा पाऊण तास मला स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. चिखलाने दोन्ही संघ एकाच रंगाचे झालेले, धावणारेही सावकाश धावताहेत असं वाटणारे, आणि मागून न संपणारी मालगाडी. सुहासच्या संघाने एक गोल केला. मामा मात्र चारीकडे बघत बसले होते, फार समाधानाने.

मध्यंतर झालं आणि संघांनी बाजू बदलल्या. सुहास पलीकडच्या चिखलात जाऊन उभा राहिला.

मामा उठून उभेच राहिले. "म्हंजी, हे जागा बदलत्यात व्हय?"

मी हो म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की मला हसूही येईना. फावडं उचलून ते तरातरा त्या गोलामागे गेले आणि सामना चालू असताना खणायला लागले. लाइन्समन झेंडा हलवत धावला. मीही मागे पळाले.

सुहासने मागे न वळता सांगितलं, "आबा, ऱ्हाऊ द्या ते. तुमी निस्तं हितं हुबं ऱ्हावा."

मामांनी फावडं खाली ठेवलं आणि उभे राहिले. शेवटच्या दहा मिनिटांत सुहासचा पाय घसरला आणि चेंडू जाळ्यात गेला. एक-एक. बरोबरी झाली, संघ वाचला. तरी मामा मान खाली घालून होते.

"माझ्यापायी गोल झाला," ते म्हणाले.

"तुमच्यापायी मॅच झाली," सुहास म्हणाला, आणि चिखलासकट त्यांच्या गळ्यात पडला. मी तोंड फिरवून मालगाडी बघत राहिले, कारण रडू आवरत नव्हतं.

परतीला पुण्याची संध्याकाळची डेमू लोकल घ्या. स्वस्त आहे आणि उजेड असेपर्यंत शेतं सोबत येतात. घरी येऊन बूट धुतले, तरी शिवणीत दौंडची काळी माती राहिलीच. ती मी काढलेली नाही.

परवा सुहासचा भुसावळहून फोन आला. तिथल्या संघात घेतलंय म्हणाला. आबांना कळवल्यावर त्यांनी पहिल्यांदा मैदानाची माती कसली आहे ते विचारलं, आणि मग म्हणाले, "दोन्ही गोलांकडचा उतार बघून ठेव. मी येतोय."