सिंगापुरात मी सोवळ्यात होतो

सर्वप्रथम सिंगापूरच्या भिंतींविषयी एक गंभीर तक्रार नोंदवतो. या भिंतींना विजेसाठी चौकोनी भोकं आहेत. पुण्याहून मोठ्या विश्वासाने नेलेलं माझं दाढीचं यंत्र गोल पिनांचं. इतकी सुधारलेली राष्ट्रं, पण भोकाच्या आकारावर त्यांचं एकमत होऊ नये, याचा विषाद वाटतो. जाणाऱ्यांनी अडॅप्टर घरूनच न्यावा. मी पहिले दोन दिवस खुंट घेऊन हिंडलो.

जाण्याचं कारण असं. आमची सौ., वसुधा, शाळेत चित्रकला शिकवते. मागच्या वर्षी तिला सिंगापूरच्या एका छापखान्यात, तिच्या भाषेत ‘प्रिंटमेकिंग स्टुडिओ’त, सहा महिने राहून काम करायचं निमंत्रण आलं. शाळेची बिनपगारी रजा टाकून ती गेली आणि तिथल्या सेंगकांग या उपनगरात तिची भाची मृणाल राहते तिच्याकडे उतरली. चार महिने मी एकट्याने कुकर लावला. मग संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या आणि मी विमानात बसलो.

विमानतळावरच एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कार्ड घ्या. सेंगकांगपर्यंत तीनदा गाडी बदलावी लागते, आणि नंतर जी छोटी एलआरटी येते ती वर्तुळात फिरते. तिला चालक नसतो, त्यामुळे चुकलात तर रागवायला समोर कोणी नाही. माझं उतरायचं स्टेशन दोनदा माझ्यासमोरून गेलं.

संध्याकाळी मृणालने आम्हा दोघांना हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडईत, नेलं. पाच-सहा डॉलरांत पोट भरतं. शाकाहारी गाळ्यावर मात्र ‘बदक’ मिळत होतं.

“काका, खा बिनधास्त, सोयाबीन आहे,” मृणाल म्हणाली.

“दोरीला साप समजणं ही माया. सोयाबीनला बदक करणं ही काय?”

“काका, ऑफिसमध्ये दिवसभर मीटिंगा झाल्यात माझ्या. प्लीज खा.”

मी खाल्लं. चांगलं होतं, तेही मला पटलं नाही. तेवढ्यात वसुधा सहज, चटणी मागावी तशी, म्हणाली, “स्टुडिओवाले आणखी एक वर्ष राहा म्हणतायत. राहिले तर शाळा सोडावी लागेल.”

मी बदक चावत राहिलो.

“परवानगी मागत नाहीये. तुमचं मत विचारतेय.”

“विचार करून सांगतो.”

“लग्नापासून हेच ऐकतेय,” ती म्हणाली आणि मृणाल खो खो हसली.

दुसऱ्या दिवशी लिटिल इंडिया. सेंगकांगहून थेट गाडी आहे. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात अडॅप्टर मिळाला, पोहेही मिळाले. वसुधा दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करत होती. पुण्यात ती भाव कधी विचारत नाही. पिशवी धरून मी मागे उभा होतो आणि ही बाई आपल्या ओळखीची आहे का, याचा अंदाज घेत होतो.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओ. एका जुन्या औद्योगिक इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली, मधोमध जहाजाच्या सुकाणूसारखं चाक असलेलं लोखंडी यंत्र. वसुधा जस्ताच्या पत्र्यावर रेघा कोरते, त्यांत शाई भरते, आणि त्याचे दहा छाप काढते. चित्र सेंगकांगच्याच एका इमारतीचं, खिडक्यांतून बाहेर काढलेल्या वाळत्या कपड्यांच्या काठ्यांचं.

“या दहांत मूळ कुठलं?” मी विचारलं.

“सगळीच.”

“एक मूळ असतं, बाकीच्या प्रती.”

“अहो, इथं तसं नसतं.”

यावर मी अजून विचार करतो आहे. ती मेईबरोबर, म्हणजे तिच्या स्टुडिओतल्या मैत्रिणीबरोबर, शाई आणायला खाली गेली. मी एकटा होतो. टेबलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जाड, किमती कागदांचा गठ्ठा दिसला. हात लावला तर ओला! पोथ्यांना दमटपणापासून वाचवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. मी तत्परतेने एकेक कागद सोडवला, पंख्याखाली पसरला, कडांवर शाईचे रिकामे डबे ठेवले आणि कौतुकाची वाट पाहत बसलो.

मेई दारातच थांबली. “अय्यो अंकल! पेपर मस्ट बी वेट, लाह!”

कागद आदल्या रात्रीच भिजवून ठेवलेले होते. ओला कागद मऊ होतो, म्हणूनच तो रेघांतली शाई ओढून घेतो. दिवस वाया गेला. पुण्यात या अपराधाला दोन दिवसांचा अबोला होता. इथं वसुधा पोट धरून हसली. “चला, परत भिजवू,” म्हणाली, आणि मेईने यंत्रावरची आपली उद्याची पाळी आम्हाला दिली.

चौथ्या दिवशी शिक्षा म्हणून मला ‘क्लीन हँड्स’ केलं. यंत्रावर एकाचे हात शाईचे, दुसऱ्याचे स्वच्छ. कागदाला फक्त स्वच्छ हातवाल्याने शिवायचं, त्याने पत्र्याला शिवायचं नाही, शाईवाल्याला तर नाहीच. म्हणजे सोवळं! आजीच्या स्वयंपाकघरात जे शिकलो ते परदेशी कामाला आलं. नाकाला खाज सुटली तरी मी हात हवेत धरून उभा होतो.

वसुधाने चाक फिरवलं. मी कोपरे धरून कागद उचलायला लागलो, तशी ती वाकली. कागद सुटेपर्यंत तिने श्वास रोखला होता. चित्र कसं उमटलं ते मला दिसलंच नाही, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. असा चेहरा मी आमच्या घरात पाहिलेला नाही.

निघताना विमानतळावर तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “तू ठरव.” ती म्हणाली, “हे मत नाही झालं.”

आता पुण्यात आहे. एक छाप भिंतीवर लावलाय. येणारे विचारतात, सिंगापूर कसं? मी सांगतो, स्वच्छ, महाग, आठवडा पुरतो. वसुधाला महिनाअखेर उत्तर द्यायचंय, आणि मी अजून तिला काहीच सांगितलेलं नाही. ये म्हटलं तर ती येईल, हे मला माहीत आहे. तेच म्हणावंसं वाटतं, आणि म्हणवत नाही. ती तिथं माझ्याशिवाय सुखात आहे, आणि मला इथं तिच्याशिवाय राहता येत नाही. याचीच मला काळजी वाटते.