गाडी नसलेला रस्ता

मंडळी, आज सकाळी तुंगारेश्वरच्या मागच्या खोऱ्यात सायकल राइड मारली. खडीचा रस्ता, गावागावात जुनी देवळं, वीरगळ, आणि एकही गाडी नाही!

पाणी मागायला एका आजींच्या ओट्यावर थांबलो. म्हटलं, "आजी, काय मस्त रस्ता आहे! गाड्यांचा त्रासच नाही."

त्या म्हणाल्या, "म्हनून तर लेक गेली माजी. कळा सुरू झाल्या, रिक्षावाला खडीवर येईना. झोळीत घालून नेली. वाटेतच संपली."

मी तसाच उठलो. त्यांनीच हाक मारून बाटली भरून दिली.

या रस्त्यावर डांबर नको, असं निवेदन आपला ग्रुप देणार आहे ना? ग्रामपंचायतीची वाट आजींच्या दारावरूनच जाते. बोला, कोण कोण येतंय?