समजा, तुटला तर

‘समजा’ हा काकांचा आवडता शब्द. तो उच्चारण्याआधी ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत, पुन्हा डोळ्यांवर चढवत आणि वाईट बातमी द्यावी तशा हळू आवाजात म्हणत, “समजा, मिस्तरी... नुसतं समजा हं...”

मी ओळखायचो, आता काहीतरी तुटणार, पेटणार नाहीतर उलटणार.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यातून माघारी फिरणारी. काका त्यातलेच. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीत राहणारे. मोटार त्यांना येत नव्हती. शहागंजच्या बाजारातल्या गर्दीत तर ते सायकलवरूनही उतरून चालत.

आणि नशीब बघा, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, प्रज्ञाला, नाद लागला तो डोंगरावर जीप चढवायच्या शर्यतींचा. ती कारखान्यात इंजिनिअर. जुनी जीप घेऊन तिने तिच्यात मोठं इंजिन बसवायला काढलं. ते काम माझ्या गॅरेजच्या शेडमध्ये चाललं होतं.

एका सकाळी काका आले. “जयभीम, मिस्तरी.” मग उचलून ठेवलेल्या जीपखाली वाकले. “हा दांडा कशाचा?”

“शाफ्ट आहे, काका. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना हाच नेतो.”

“फिरतो?”

“लई जोरात.”

चष्मा पुसून झाला. “समजा, पुढून तुटला तर?”

मला खोटं बोलवेना. टोक खाली पडून जमिनीत रुतलं तर गाडी उलटू शकते, वर उडालं तर पत्रा फाडून आत शिरतं, असं मी सांगितलं.

“आत म्हंजे? तिच्या शीटपाशी?”

“व्हय.”

“मग त्याला धरून ठेवायला काय हाय?”

“आत्ता काही नाही. पण त्याच्याभोवती लोखंडी कडं बसवता येतं. तुटला तरी त्यातच अडकून राहतो.”

“मग बसवा की!”

जीपपाशी काम करणारी प्रज्ञा वैतागली. “अप्पा, शाफ्टचा जॉइंट नवा टाकलाय. खाली लोंबणारं कडं दगडाला घासंल.” काका जीपच्या बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. शेवटी तीच हसली. “बसवा दादा, नाहीतर हे इथंच राहायला येतील.”

मी जाड पट्टी तापवून वाकवली, कड्याचे दोन अर्धे भाग केले आणि पुढच्या जॉइंटजवळ चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने कसले. चाकांबरोबर शाफ्टही वरखाली होतो, म्हणून भोवती मोकळी जागा ठेवली. काम झाल्यावर काका पांढऱ्या शर्टानिशी पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली शिरले आणि दोन्ही हातांनी कड्याला लोंबकळले.

“हाललं नाय!” आतून आवाज आला. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस होतं आणि चेहरा हसरा.

पुढे कन्नड तालुक्याकडच्या डोंगरात शर्यत होती. मीही गेलो होतो. प्रज्ञाची जीप खडकाळ चढाच्या मध्यावर पोहोचली आणि खालून फाडकन आवाज झाला. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा खडखडाट. जीप थरथरत थांबली. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते सोडेनात, म्हणून तसेच दोघं धावत वर गेलो.

मी खाली शिरलो. जॉइंट तुटला होता. शाफ्टचं टोक कड्यात पडलं होतं. कडं वाकलं होतं, सुटलं नव्हतं. प्रज्ञाला साधं खरचटलंही नव्हतं.

“काका, कड्यानं धरलं बघा!” मी ओरडलो. शर्यत बघणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञाने सगळ्यांदेखत वडिलांना मिठी मारली.

काका हसले नाहीत. त्या तुटक्या जॉइंटकडे बघत म्हणाले, “म्हंजे, तुटतो तर.”

परतताना ते माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, “मला वाटायचं, कडं बसवलं की तुटायचंच नाय. छत्री घेतली की पाऊस येत नाय, तसं.”

त्यानंतर त्यांच्या तोंडून ‘समजा’ मी कधी ऐकला नाही. एकदा विचारलं, “काका, तिला शर्यती सोड म्हणाला नाहीत?”

“एकदा म्हनलो. तिचं तोंड एवढंसं झालं. मग नाय म्हनलो.”

गेल्या हिवाळ्यात काका गेले. घरीच, झोपेत. आयुष्यभर इतक्या गोष्टींना भ्यालेल्या माणसाला या एका गोष्टीची चाहूलही लागली नाही, याचं मला बरं वाटतं.

ते शेवटचे आले त्या शर्यतीत गर्दीच्या मागे, चढाकडे पाठ करून उभे होते. मी म्हणालो, “काका, पोरगी तिकडं हाय.”

“म्हाईत हाय.” डोळे मिटलेले, मान थोडी कललेली. जीपचा आवाज चढत गेला, मध्येच दबला. त्यांनी श्वास रोखून धरला. मग माथ्यावरून तो आवाज पुन्हा मोकळा, एकसारखा ऐकू आला.

“पोचली,” काका म्हणाले, आणि तसेच पाठमोरे टाळ्या वाजवू लागले.