माझ्या बहिणीचं अवतरण

प्रबंध कसा लिहावा, हे मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. दुसऱ्याचं वाक्य घेणं म्हणजे शेजारणीकडून भांडं उसनं आणणं. पोचा न पाडता परत करावं, एवढंच मी दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. मुलं माना डोलावतात आणि लिहायला बसली की विसरतात.

मागं एका विद्यार्थिनीनं बिबट्याच्या हल्ल्यांवर विषय घेतला. माझी धाकटी बहीण महाळुंगे पडवळला दिलेली. तिची पहिलीतली मुलगी दिवेलागणीला बिबट्यानं अंगणालगतच्या उसात ओढून नेली. विद्यार्थिनीला बहिणीकडं मीच पाठवलं. बहीण बोलायला तयार झाली, याचंच मला नवल वाटलं होतं.

प्रकरण वाचायला आलं आणि माझं डोकंच फिरलं. 'पालकांचा निष्काळजीपणा' या मथळ्याखाली बहिणीचं वाक्य होतं, "मीच खाल्ली माझी पोर..." पुढं नुसती टिंबं. मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. टिंबांच्या जागी बहीण म्हणत होती, "ऊस पार दारात आलाय. अंगणात बल्ब न्हाई. पिंजरा लावा म्हणून किती येळा सांगितलं, पर येतंय कोण?"

"मॅडम, मी एकही शब्द बदललेला नाही," विद्यार्थिनी म्हणाली. "अवतरण छोटं ठेवा, असं तुम्हीच सांगता."

"छोटं ठेवा म्हणते, गळा कापा म्हणत नाही!" मी ओरडले. ती रडली. मला जराही वाईट वाटलं नाही. बहिणीच्या सासरी कुणाच्या हाती हे पडलं असतं, तर आईनंच पोर घालवली हे छापील झालं असतं.

मग मीच ते दुरुस्त करायला बसले. कापलेलं सगळं परत घातलं आणि पहिल्या वाक्यापुढं चौकोनी कंसात टीप दिली, की या भागात मूल गेलेली आई शोक करताना असंच म्हणते, तो कबुलीजबाब नव्हे. खोटं नव्हतं ते. आमच्याकडच्या मयतांत मी हे किती बायांच्या तोंडून ऐकलंय.

बहिणीची परवानगी घ्यायला रविवारी गेले. ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी वाचून दाखवलं.

"ते कंसातलं कुणी म्हणलं?"

"मी."

"काढ ते. बाया म्हणत्यात, मला म्हाईत हाय. मी तसं न्हाई म्हणले." तिचे हात थांबले नव्हते. "टेम्पो यायचा व्हता, जुड्या सुकाय लागल्या. झाकायचं गोणपाट उसाच्या कडंला वाळत व्हतं. ते आण म्हणून मीच धाडली तिला. ती भ्याली व्हती, जात न्हाई म्हणत व्हती. मी वरडले तिच्यावर."

मुलगी अंगणात खेळत होती, एवढंच आजवर सगळ्यांना ठाऊक होतं. मला रडू आलं, तिला आलं नाही. मी म्हटलं, "हे नाही लिहायचं. सासरी काय होईल तुझं?"

"लिही, ताई. समदी म्हणत्यात, तुजी काय चूक. कुणी ऐकूनच घेत न्हाई."

प्रबंधात ते सगळं जसंच्या तसं गेलं. ऊस, बल्ब, पिंजरा, गोणपाट. मथळा बदलला, कंस काढला. एरवी अवतरणाखाली चार ओळी तरी स्वतःचं भाष्य हवं, असा माझा आग्रह असतो. या अवतरणाखाली मी विद्यार्थिनीला एक ओळही लिहू दिली नाही.