मंगलाष्टकं संपेपर्यंत

सफाळ्यापासून बोईसरपर्यंतचे सगळे संडास कडी-कोयंड्यासकट ठाऊक असलेला माणूस जगात एकच झाला, तो म्हणजे माझा मामा. पालघरात त्याचं शिंप्याचं दुकान होतं. मोठ्या आतड्याला कायमची सूज. कळ आली की गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप तसाच ठेवून तो मागच्या दाराने पसार व्हायचा. गिऱ्हाईकही सवयीचं, हात वर करून निमूट उभं राहायचं. माणसांची पारखही तो तशीच करी. माझ्यासाठी बोईसरचं स्थळ बघायला घरचे गेले तेव्हा बाकीचे मुलाचा पगार विचारत बसले, हा सरळ परसात. परत येऊन म्हणाला, "पोरगा बरा हाय. कडी आतून लागते, नळाला पानी हाय. अजून काय पायजे?" झालं! त्या कडीच्या भरवशावर माझं लग्न ठरलं.

पण मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे मामाने उभं राहायचं असतं, आणि आमचा मामा एका जागी दोन कडवी तरी टिकेल की नाही, देव जाणे. आईने हळूच सुचवलं, "धाकट्या मामाला उभं करूया का?" मामा असा भडकला! "का? मी मेलोय काय?" म्हणाला आणि दोन दिवस आमच्याकडे चहाला आला नाही.

त्याच सुमारास मुंबईचे एक डॉक्टर या दुखण्यावर नवं औषध तपासून बघणार होते. गुण आला हे मोजायचं कशावरून, ते ठरवायला त्यांनी रोग्यांनाच बोलावलं. मामासोबत मी गेले. डॉक्टर म्हणाले, "रक्त, वजन, किती वेळा जाता, ते आम्ही बघूच. पण बरं वाटणं म्हणजे काय, ते तुम्ही सांगा." सातपाटीचे एक होडीवाले म्हणाले, "होडीवर बिनघोर बसता आला पायजे." मामा ताडकन उठला. "भाचीची मंगलाष्टकं संपेपर्यंत मागं उभा रायलो, तर औषध खरं!" सगळे हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. "म्हणजे, आता काय होईल ही भीती न बाळगता?" त्यांनी विचारलं. मामा एकदम मऊ झाला. "हां. तीच मोजा, डॉक्टर. कळ सोसवते, पण ती भीती नाय सोसवत."

लग्नात गुरुजी थांबले तर आत्या सुरू झाली, आत्या थांबली तर सासरच्या एका हौशी काकांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं काढली. ती काही संपेचनात! माझ्या खांद्यावरचा मामाचा हात घामाने भिजला. मी पुटपुटले, "मामा, जा तू." तो म्हणाला, "गप. समोर बघ." शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या आणि खांद्यावरचा हात गायब! मागच्या दाराची वाट त्याने सकाळीच, आचाऱ्याशी भांडून, मोकळी करून ठेवली होती.

दुखणं पुढे कधी कमी, कधी जास्त होत राहिलं. आता मामाच नाही. परवा माझ्या लेकीच्या लग्नात माझा भाऊ तिच्या मागे उभा होता, चांगला ठणठणीत. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मागच्या दारात रचलेल्या खुर्च्या माझ्या नजरेला पडल्या. मला राहवेना. नवरीची आई असून भर मांडवातून उठले, शालू खोचला आणि एकेक खुर्ची बाजूला केली. लोक बघत होते. बघेनात का.